विश्लेषण : शत्रू दारात आला, तर नि:शस्त्र नागरिक काय करू शकतात? पालघरचा १४ ऑगस्ट, तारापूरचा भोंगा आणि ‘नागरी प्रतिकार’

भारत-पाकिस्तान तणावाच्या पार्श्वभूमीवर ७ मे २०२५ रोजी देशभरात नागरी संरक्षणाचे सराव झाले. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या यादीत पहिल्या श्रेणीत महाराष्ट्रातील तीनच ठिकाणे होती : मुंबई, उरण आणि तारापूर. बोईसर, पाम, टेंभी, सालवड, कुंभवली या पट्ट्यात राहणाऱ्यांना याचे कारण वेगळे सांगायला नको. एका बाजूला अणुऊर्जा केंद्र, दुसऱ्या बाजूला रसायनांचे कारखाने आणि मधोमध आपली घरे. भोंगा वाजला की कुठे जायचे, दिवे कधी मालवायचे, जखमींना कसे हलवायचे हे अशा सरावात शिकवले जाते. मात्र, एक प्रश्न कोणत्याही सरावात येत नाही. शत्रू वरून हल्ला करून निघून गेला नाही आणि खाली उतरून राज्यच करू लागला, तर सामान्य माणसाने काय करायचे? जगात या प्रश्नावर गंभीर विचार झाला आहे, काही देशांनी तो धोरणातही उतरवला आहे. आणि या विचाराचा एक धागा थेट पालघरच्या हुतात्मा चौकातून जातो.

नागरी संरक्षण आणि नागरी प्रतिकार यांत फरक काय?

नागरी संरक्षण म्हणजे हल्ल्यापासून जीव आणि मालमत्ता वाचवणे. भारतात त्यासाठी १९६८ चा नागरी संरक्षण कायदा आहे. २००९ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन आपत्ती व्यवस्थापनही त्यात आले. भोंगे, अंधारबंदी, आगविझवणी, प्रथमोपचार, स्थलांतर ही त्याची कामे. त्यात नागरिक स्वत:ला वाचवतो. शत्रूशी त्याचा थेट संबंध येत नाही.

नागरी प्रतिकार वेगळा आहे. परक्या सत्तेने भूभाग ताब्यात घेतला, तरी तिथल्या लोकांनी तिला राज्य करू द्यायचे नाही, हे त्याचे सूत्र. शस्त्र उचलायचे नाही, पण हुकूमही मानायचा नाही. काम बंद, कर बंद, माहिती बंद. शाळेत त्यांचा अभ्यासक्रम शिकवायचा नाही, कचेरीत त्यांचे शिक्के मारायचे नाहीत. अमेरिकी अभ्यासक जीन शार्प यांनी या कल्पनेची देशाच्या संरक्षणाचा एक प्रकार म्हणून सविस्तर मांडणी केली. त्यांच्या अभ्यासाची सुरुवात गांधीजींच्या लढ्यांपासून झाली होती. ब्रिटनचे माजी नौदल अधिकारी स्टीफन किंग-हॉल यांनीही १९५८ मध्ये, अण्वस्त्रांच्या युगात संरक्षणाचा असा पर्याय तपासावा, असे मांडले होते.

यामागचा तर्क काय आहे?

तर्क साधा आहे. भूभाग रणगाड्याने जिंकता येतो, पण चालवता येत नाही. चालवायला माणसे लागतात.

आपल्याच भागाचे उदाहरण घेऊ. कुणी बाहेरची सत्ता पालघर-बोईसर पट्टा ताब्यात घेते, असे क्षणभर समजा. तिला काय काय लागेल? पश्चिम रेल्वेची गाडी चालवायला मोटरमन आणि सिग्नल सांभाळणारे कर्मचारी. विजेची तार तुटली तर खांबावर चढणारा लाइनमन. जमीन कुणाच्या नावावर आहे हे सांगणारा तलाठी. एमआयडीसीतल्या कारखान्यात बॉयलर सांभाळणारा आणि पाळीवर येणारा ऑपरेटर. सातपाटी, मुरबे, दांडीच्या बोटी समुद्रात नेणारे तांडेल आणि खलाशी. यातल्या प्रत्येकाच्या मागे बंदूकधारी उभा करायचा, तर सैन्य किती लागेल याचा हिशेब करून पाहा. आणि बंदूक मागे असली, तरी कामाची माहिती त्या माणसाच्याच डोक्यात असते.

अभियांत्रिकीत ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ असा शब्द आहे. सगळी यंत्रणा एकाच भागावर अवलंबून असेल, तर तो भाग बंद पडताच सगळे ठप्प होते. सैनिकी संरक्षणात राजधानी, सेनापती, विमानतळ असे मोजके बिंदू पडले की देश पडू शकतो. नागरी प्रतिकारात असा एकच बिंदू नसतो. हजारो कचेऱ्या, शाळा, कारखाने आणि गावे यांतला प्रत्येक जण स्वत:पुरता ‘नाही’ म्हणतो. पुढारी पकडला, तरी हे थांबत नाही. १९४२ मध्ये नेमके हेच घडले.

पालघरच्या १४ ऑगस्टचा याच्याशी संबंध काय?

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’ ठराव मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेच गांधीजींसह काँग्रेसचे जवळपास सगळे मोठे नेते गजाआड गेले. डोके छाटले की धड हलणार नाही, असा सरकारचा हिशेब होता. तो चुकला. आदेश देणारे कुणी बाहेर नसताना गावोगावी लोक स्वत:हून उभे राहिले.

त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमध्ये १४ ऑगस्टला कचेरीवर मोर्चा निघाला. पोलिसांनी गोळीबार केला. काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठोसर, रामचंद्र महादेव चुरी, रामप्रसाद भीमाशंकर तिवारी आणि सुकूर गोविंद मोरे हे पाच जण हुतात्मा झाले. दरवर्षी १४ ऑगस्टला पालघरच्या हुतात्मा चौकात त्यांना अभिवादन केले जाते.

मोर्चा कचेरीवर का गेला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कचेरी म्हणजे सारा, नोंदी, दाखले, हुकूम. लंडनची सत्ता पालघरच्या माणसाच्या आयुष्यात जिथून उतरत होती, ती ही जागा. तिच्यावर तिरंगा लावणे म्हणजे ‘तुमचा हुकूम आम्हाला मान्य नाही’ हे सर्वांदेखत सांगणे. नागरी प्रतिकाराच्या अभ्यासात प्रशासनाच्या केंद्राला इतके महत्त्व का दिले जाते, ते यावरून कळते.

‘छोडो भारत’ ठरावात संरक्षणाबद्दल काय होते?

हा भाग सहसा सांगितला जात नाही. ‘छोडो भारत’ ठराव केवळ इंग्रजांनी जावे एवढ्यापुरता नव्हता. स्वतंत्र भारताच्या हंगामी सरकारचे पहिले काम देशाचे रक्षण हे असेल आणि ते सशस्त्र तसेच अहिंसक अशा दोन्ही शक्तींनी केले जाईल, असे त्यात नमूद होते.

याला कारण होते. १९४२ मध्ये जपान भारताच्या उंबरठ्यावर आला होता. फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून पडले, ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब पडले. एप्रिल-मेच्या सुमारास अलाहाबादला झालेल्या बैठकीत अखिल भारतीय काँग्रेस समितीने ठराव केला : आक्रमण झाले तर त्याचा प्रतिकार करायचा. मात्र इंग्रज सरकार लोकांना स्वत:च्या पद्धतीने संरक्षण संघटित करू देत नसल्याने हा प्रतिकार अहिंसक असहकाराचाच असेल. आक्रमकापुढे गुडघे टेकायचे नाहीत, त्याचा हुकूम मानायचा नाही, त्याच्याकडून मेहेरबानी घ्यायची नाही.

त्या काळात मीराबेन ओडिशाच्या किनाऱ्यावर होत्या. जपानी सैन्य उतरले तर गावकऱ्यांनी काय करायचे, असे त्यांनी गांधीजींना विचारले. मे महिन्याच्या अखेरीस गांधीजींनी दिलेल्या उत्तराचा गाभा संपूर्ण असहकार हा होता. आक्रमकाला कोणतीही मदत करायची नाही आणि त्याच्याशी व्यवहारातून नफाही कमवायचा नाही.

सगळे नेते गांधीजींशी सहमत होते का? नाही. जून १९४० मध्येच वर्ध्याच्या बैठकीत काँग्रेस कार्यकारिणीने सांगितले होते, की परकीय आक्रमणापासून देशाच्या रक्षणाच्या बाबतीत आपण गांधीजींबरोबर शेवटपर्यंत जाऊ शकत नाही. स्वतंत्र भारताने सैन्य ठेवले. विनोबांनी १९५७ मध्ये शांतिसेना उभारली, पण तिचे काम प्रामुख्याने देशांतर्गत दंगली शमवण्याचे राहिले. परकीय आक्रमणासाठीचा अहिंसक आराखडा आपल्याकडे कागदावरच राहिला.

जगात हे कुठे चालले?

नॉर्वे, १९४२ : जर्मनीने ताब्यात घेतलेल्या नॉर्वेत क्विसलिंगच्या सरकारने शिक्षकांना नाझी विचारांच्या नव्या संघटनेत सक्तीने भरती करायचे ठरवले. देशातील बहुसंख्य शिक्षकांनी जवळपास एकाच मजकुराची नकाराची पत्रे पाठवली. हजाराहून अधिक शिक्षकांना अटक झाली. त्यातल्या शेकडोंना अतिउत्तरेकडच्या किर्केनेसला मजुरीसाठी नेण्यात आले. तरी ते वाकले नाहीत. अखेर सरकारने योजना गुंडाळली आणि शिक्षक परतले.

डेन्मार्क, ऑक्टोबर १९४३ : ज्यूंची धरपकड होणार, ही बातमी आधीच फुटली. शेजाऱ्यांनी, डॉक्टरांनी, पाद्र्यांनी त्यांना लपवले आणि मच्छीमारांनी आपल्या बोटींतून समुद्र ओलांडून तटस्थ स्वीडनला पोहोचवले. सात हजारांहून अधिक जीव वाचले. किनाऱ्यावरच्या माणसाला आपल्या पाण्याची जी खडान्‌खडा माहिती असते, ती किती मोलाची ठरू शकते, हे सातपाटी-डहाणूच्या वाचकांना वेगळे समजावायला नको.

लिथुआनिया, १९९१ : मार्च १९९० मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलेल्या या छोट्या देशावर सोव्हिएत फौजा चालून आल्या. १३ जानेवारी १९९१ च्या रात्री विल्नियसच्या दूरचित्रवाणी मनोऱ्याभोवती नि:शस्त्र नागरिकांनी कडे केले. १४ जण मारले गेले. मनोरा हातचा गेला, पण संसदेभोवतीची हजारोंची गर्दी हटली नाही आणि संसद वाचली. त्यानंतर लिथुआनियाच्या संसदेने ताबा आल्यास अहिंसक असहकाराला प्रतिकाराचा अधिकृत मार्ग ठरवले. शार्प यांचे लेखन तिथल्या संरक्षण अधिकाऱ्यांनी अभ्यासले होते. सप्टेंबर १९९१ मध्ये मॉस्कोने लिथुआनियाचे स्वातंत्र्य मान्य केले.

आणि कुठे फसले?

चेकोस्लोव्हाकिया, १९६८ : २० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत आघाडीचे रणगाडे शिरले. लोकांनी रस्त्यांच्या पाट्या आणि घरांचे क्रमांक काढून टाकले, गुप्त रेडिओ केंद्रे चालवली, सैनिकांशी रशियन भाषेत वाद घातले. पहिल्या आठवड्यात सोव्हिएत संघाला आपल्या मर्जीतले सरकार बसवता आले नाही. पण नेत्यांना मॉस्कोला नेऊन करारावर सह्या घेण्यात आल्या आणि लोकांची एकजूट हळूहळू विरली. एप्रिल १९६९ मध्ये दुबचेक यांना पद सोडावे लागले. नेतृत्व वाटाघाटीत मऊ पडले, तर खालची ताकद वाया जाते, हा इथला धडा.

गोवा, १९५५ : हे घरचे उदाहरण. नानासाहेब गोरे, सेनापती बापट यांच्यासह महाराष्ट्रातून आणि देशभरातून सत्याग्रहींच्या तुकड्या गोव्यात शिरल्या. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगिजांनी सीमेवर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ ला, भारतीय सैन्याच्या कारवाईने. सत्याग्रहींच्या धैर्यात काही कमी नव्हते. पण त्यातले बहुतेक बाहेरून येत होते आणि पणजीचा कारभार त्यांच्या सहकार्यावर चालत नव्हता. लिस्बनच्या हुकूमशाहीला मतदारांची भीती नव्हती. ज्याचे आपल्यावाचून अडत नाही, त्याच्याशी असहकार करून त्याला अडवता येत नाही.

अणुऊर्जा केंद्राच्या दारात काय होते?

तारापूरच्या वाचकांसाठी सर्वांत जवळचे उदाहरण युक्रेनमधले एनेर्होदार. झापोरिझ्झिया हा सहा अणुभट्ट्यांचा प्रकल्प युरोपातला सर्वांत मोठा. त्याच्या कामगारांसाठी वसलेले हे गाव. रशियन फौजा येत असल्याचे कळताच २ मार्च २०२२ रोजी गावकरी आणि प्रकल्पाचे कर्मचारी मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. कचऱ्याच्या गाड्या आणि वाळूच्या गोण्या टाकून त्यांनी वाट अडवली. त्या दिवशी फौजा पुढे सरकल्या नाहीत. ३ मार्चच्या रात्री मात्र रणगाडे गोळीबार करत आले आणि ४ तारखेला प्रकल्प ताब्यात गेला.

त्यानंतरचा पेच अधिक अवघड आहे. कारखान्यातला कामगार काम थांबवू शकतो. अणुभट्टीवरचा ऑपरेटर निघून गेला, तर शिक्षा आक्रमकाला होण्याआधी त्याच्याच गावाला होईल. भट्टी बंद केली, तरी इंधन थंड ठेवावेच लागते. त्यामुळे तिथले कर्मचारी पाळीवर जात राहिले, बंदुकीच्या सावलीत. असहकाराच्या पुस्तकी सूत्राला इथे मर्यादा पडते. रसायनांच्या कारखान्यांनाही हेच लागू होते. चालू रिॲक्टर किंवा बॉयलर वाऱ्यावर सोडून संप करता येत नाही. धोकादायक उद्योगांच्या पट्ट्यात ‘काय थांबवायचे’ याइतकेच ‘काय कधीही थांबवायचे नाही’ हे आधी ठरवावे लागते.

आकडेवारी काय सांगते?

एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टेफन यांनी १९०० ते २००६ या काळातील ३२३ लढ्यांचा अभ्यास केला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकानुसार अहिंसक लढ्यांपैकी ५३ टक्के, तर सशस्त्र लढ्यांपैकी २६ टक्के यशस्वी ठरले. कारण मुख्यत: सहभागाचे. बंदूक मोजकेच उचलू शकतात. बहिष्कारात आजी, विद्यार्थी, दुकानदार सगळे सामील होऊ शकतात.

पण हा आकडा जपून वापरायला हवा. यातले बहुतेक लढे आपल्याच हुकूमशहाविरुद्धचे किंवा प्रस्थापित सत्तेविरुद्धचे आहेत. ताज्या आक्रमणाविरुद्धचे फारच थोडे. शिवाय २०१० नंतरच्या दशकात अहिंसक लढ्यांच्या यशाचे प्रमाण ३४ टक्क्यांच्या खाली आल्याचे चेनोवेथ यांनीच नंतर नोंदवले आहे. सशस्त्र लढ्यांचे यश तर त्याहून कितीतरी घसरले. सरकारे आता पाळत ठेवायला, इंटरनेट तोडायला, आंदोलनात फूट पाडायला शिकली आहेत.

मग सैन्याची गरज नाही का?

असा दावा आज कोणताही जबाबदार देश करत नाही. क्षेपणास्त्राला आणि ड्रोनला असहकाराने अडवता येत नाही. ज्या शत्रूला माणसे नकोत, फक्त जमीन हवी आहे, त्याच्यापुढे नागरी प्रतिकार फार दुबळा ठरतो. युक्रेनच्या खेरसनमध्ये मार्च २०२२ मध्ये लोक झेंडे घेऊन रशियन सैनिकांसमोर उभे राहिले. अश्रुधूर, गोळ्या आणि अपहरणांनी ती निदर्शने मोडली गेली. शहर ११ नोव्हेंबर २०२२ ला परत मिळाले, ते सैन्यामुळे. पण दरम्यानच्या आठ महिन्यांत ‘इथल्या लोकांनी आमचे स्वागत केले’ हे रशियाला जगाला पटवता आले नाही, यात त्या नि:शस्त्र लोकांचा वाटा होता.

म्हणून लिथुआनिया आज ‘नाटो’त आहे, २०१५ पासून तिथे सक्तीची लष्करी भरती पुन्हा सुरू आहे आणि त्याच्या जोडीला नागरी प्रतिकारही धोरणात आहे. स्वीडन घरोघरी पुस्तिका वाटतो. प्रतिकार थांबवा असे सांगणारी कोणतीही बातमी खोटी समजावी, असे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. म्हणजे १९४२ च्या ठरावातील ‘सशस्त्र आणि अहिंसक, दोन्ही’ या सूत्राच्या जवळच हे देश येऊन पोहोचले आहेत.

पालघर-बोईसरने यातून काय घ्यायचे?

पहिली गोष्ट, नागरी प्रतिकार संकटाच्या दिवशी उभा राहत नाही. नॉर्वेच्या शिक्षकांची संघटना आधीपासून होती. डेन्मार्कच्या मच्छीमारांचा शेजाऱ्यांवर विश्वास आधीपासून होता. आपल्याकडे मच्छीमार संस्था, कामगार संघटना, बचत गट, ग्रामसभा, शाळांचे पालक संघ हे सगळे आहे. प्रश्न आहे तो या संस्था एकमेकींना ओळखतात का, याचा. बोईसरमध्ये बाहेरच्या राज्यांतून आलेले हजारो कामगार राहतात. सायरन वाजला तर त्यांच्या भाषेत कोण सांगणार, हा आजही व्यावहारिक प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट अधिक कटू आहे. अफवा. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, याच जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे चोर आल्याच्या अफवेतून जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाची पोलिसांदेखत हत्या केली. तिथे कोणताही परका शत्रू नव्हता. फक्त भीती होती आणि फोनवरून फिरणारे संदेश होते. मे २०२५ च्या तणावातही खोट्या चित्रफितींचा पूर आला होता. जमावाला शिस्त नसेल, तर त्याच्या हातून प्रतिकार घडत नाही. बळी मात्र जातात. भारतीय राज्यघटनेच्या कलम ५१-क मध्ये देशाचे रक्षण करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे आणि त्याच कलमात हिंसाचार वर्ज्य करण्याचेही. दोन्ही एकत्र वाचायची आहेत.

तिसरी गोष्ट किमतीची. अहिंसक मार्ग स्वस्त असतो, हा गैरसमज आहे. पालघरमध्ये पाच, विल्नियसमध्ये १४, गोव्याच्या सीमेवर वीसहून अधिक. समोरचा गोळी झाडणार, हे गृहीत धरूनच या मार्गावर उतरावे लागते. म्हणूनच त्यासाठी भाषणापेक्षा तयारी महत्त्वाची असते. कुणी कोणते काम थांबवायचे, कुणी कोणते काम कोणत्याही स्थितीत चालू ठेवायचे, खरी बातमी कुणाकडून घ्यायची आणि अटक झालेल्यांच्या घरची चूल कुणी सांभाळायची.

नागरी संरक्षणाचा पुढचा सराव येईल तेव्हा भोंगा, अंधार आणि रुग्णवाहिका यांची तपासणी होईलच. या चार प्रश्नांची उत्तरे आपापल्या गावात, पाळीत आणि सोसायटीत आहेत का, हे तपासायला मात्र सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही.